मामाचं जळण

आमच्यात मामाकडं कुणी सोनं मागत नाही. लाकडं मागतात. भाचीचं लग्न ठरलं की मामानं आपल्या रानातलं गाडीभर जळण घेऊन जायचं आणि लग्नाची पहिली चूल त्यावर पेटवायची. आमचे पूर्वज म्हैसूरच्या पलटणीत होते. ज्या गावी मुक्काम पडेल त्या गावचं झाड तोडायचं नाही, ज्यानं त्यानं आपलं जळण आपल्या बैलावर न्यायचं, असा म्हणे हुकूम होता. पलटण गेली, घोडे गेले, तलवारी कुणी विकल्या, कुणी मोडून विळे करून घेतले. ही रीत तेवढी राहिली. रीत घालून देणाऱ्याचं काय जातं? निभावणाऱ्याला विचारा.

आणि रीत तरी साधी असावी! लाकूड मामाच्या स्वतःच्या जमिनीतलं हवं, विकतचं चालत नाही. सालीसकट हवं, कारण साल सोलून बारीक फोडलेलं लाकूड आमच्यात सरणाला नेतात. शिवाय सगळं जाळायचं नाही. अर्धं मुलीच्या माहेरी रचून ठेवायचं आणि ती पहिल्या बाळंतपणाला आली की त्यावर तिच्या न्हाणीचं पाणी तापवायचं. वर्ष लागो की तीन वर्षं, त्या ढिगाला कुणी हात लावत नाही.

मी भागीरथी, सोसल्याच्या सयाजीरावांची बायको. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सासूबाई म्हणायच्या, आणि खोटं म्हणत नव्हत्या. त्या माझ्या तोंडाला यंदा दोन महिने कुलूप लागलं होतं, त्याची ही गोष्ट.

माघात एका सकाळी नणंदेचा फोन आला. शकुंतलावन्सं तिकडं बेट्टदपुरला असतात, आमच्यापासून शंभरेक किलोमीटर, म्हैसूरच्या पलीकडं. त्यांच्या पवित्राचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

"दादा, गाडी भरून आण हं," वन्सं म्हणाल्या. फोनचा आवाज एवढा मोठा, की मला चुलीपाशी ऐकू येत होतं. "पवित्राचे आजेसासरे दामोदरराव जुन्या वळणाचे आहेत. त्यांना मामाची गाडी बघायची आहे."

"भरून म्हणजे?" आमचे हे म्हणाले. "वरून सांडेल इतकी आणतो."

फोन ठेवला आणि हे उंबऱ्यावर बसून राहिले. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही. मला कारण माहीत होतं. सासऱ्यांच्या वेळची अकरा आंब्याची झाडं आमच्या बांधावर उभी होती आणि त्यातली नऊ मेलेली होती.

ओळीनं दोन वर्षं कालव्याला पाणी आलं नाही. झाडं आधीच दमली, वर भिरूड लागला. खोडाच्या बुडाशी भोकं पडली, भोकांतून रव्यासारखा भुसा गळायला लागला, मग एकेक फांदी पिवळी होऊन सुकत गेली. बागायत खात्यातली अनुषा म्हणून एक पोरगी येऊन बघून गेली होती. शहाणी पोर. तिनं एका भोकात तार घालून आतली अळी ओढून बाहेर काढली. पांढरी, अंगठ्याएवढी जाड, तोंड तेवढं काळं.

"मेलेली झाडं तोडा आणि इथंच जाळा," अनुषानं बजावलं होतं. "साल काढा, फोडा, जाळा. एक ओंडकासुद्धा गाडीत घालून दुसऱ्या गावी नेऊ नका, अज्जी. हा किडा तोडलेल्या लाकडात महिनोन्‌महिने जगतो. पाऊस पडला की भुंगा होऊन बाहेर येतो आणि जवळचं आंब्याचं झाड शोधतो."

अज्जी म्हणाली म्हणून मला राग आला होता, माझे केस अजून निम्मे काळे आहेत. पण तिचं बोलणं मात्र डोक्यात पक्कं बसलं. ह्यांनी मान हलवली, "आयतु, आयतु, बरं बरं" म्हणाले आणि एकाही झाडाला कुऱ्हाड लावली नाही. बापाच्या वेळची झाडं, उभी आहेत तोवर आहेत. वन्संना तर कळवलंच नाही. मी म्हटलं, अहो, सख्खी बहीण आहे. तर म्हणाले, "कशाला? तिची बाग आत्ता कुठं धरायला लागली आहे. उगाच जिवाला घोर." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ह्यांनी दोन वर्षं मूठ झाकून ठेवली.

वन्संची बाग म्हणजे त्यांचा जीव. आधी त्यांच्याकडं तंबाखू होती. पाला भाजताना भुजंगरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, धुरानं खोकला लागला आणि तो हटेना. मग वन्संनी हट्टानं तंबाखू सोडायला लावली आणि चाळीस कलमं लावली. दोन उन्हाळे डोक्यावर घागर घेऊन एकेका कलमाला पाणी घातलं. मान कायमची एका बाजूला कलली. त्यांच्या घरात पुढं जे काही यायचं ते आता त्या चाळीस झाडांवरच यायचं होतं.

आणि आम्ही तिथं काय घेऊन निघालो होतो ते बघा.

फाल्गुनात तोडायला घेतलं. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर दुपारी एकला घरी. म्हणून ह्यांनी आणि मी दोघांनी जोडकरवत धरली, एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी. साठीला आलेला माणूस आणि गुडघे गेलेली बायको. ओढा, सोडा, ओढा, सोडा. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले, तिसऱ्या दिवशी मी फडकं गुंडाळून करवत धरली. ह्यांचा उजवा खांदा जुना दुखरा. संध्याकाळी सदरा काढायलाही हात वर जाईना, तो मी काढायची. रविवारी शरत आला. आमचा मुलगा म्हैसूरजवळ मेटगळ्ळीत एका कारखान्यात आहे, तिथंच खोली घेऊन राहतो. त्यानं दिवसभर कुऱ्हाड चालवली आणि संध्याकाळी वडिलांसमोर हात जोडले.

"अप्पा, हे मशीननं कट करायचं असतं," तो म्हणाला. त्याचं मराठी असंच, निम्मं कानडी, निम्मं कारखान्याचं.

"मशीननं केलेलं मामाचं जळण असतं का?" हे म्हणाले.

"एन माडोदु, काय करायचं," असं म्हणून शरत पाठ चोळत बसला. ह्यांच्यापुढं कुणाचं काय चालतं?

चौथ्या दिवशी दुपारी हे जेवून आडवे झाले आणि मी रचलेल्या ओंडक्यांना पाठ टेकून बसले. कुठं वारा नाही, पाखरू नाही. तेवढ्यात पाठीमागं कुरकुर ऐकू आली. थांबे, परत सुरू होई. मी कान लावला. ओंडक्याच्या आत काहीतरी खात होतं. विळ्याचं टोक घालून साल उचकटली, तर खाली बोटभर रुंदीचा रस्ता कोरलेला आणि त्याच्या टोकाला ती, पांढरी, ओली, वळवळणारी. दुसऱ्या ओंडक्याची साल काढली. तिथं दोन.

मी ह्यांना उठवलं. पदरात धरून अळी दाखवली.

"एखाददुसरी असायचीच," हे म्हणाले.

"अहो, दोन ओंडक्यांत तीन निघाल्या. आणि हे आपण वन्संच्या बागेत नेऊन रचणार?"

"लग्नात जळून जाईल सगळं."

"अर्धं जळेल. उरलेलं अर्धं? पोरीच्या बाळंतपणापर्यंत तिथंच पडून राहणार ना? मध्ये दोन पावसाळे."

हे पायानं भुसा मातीत दाबत राहिले.

"साल काढून नेऊ," मी म्हटलं. "फोडून, उन्हात वाळवून."

"सरण घेऊन चाललोय का मी? भाचीच्या लग्नाला?"

"मग सुरूचं लाकूड नेऊ. आपण म्हणू तेवढं शेजारी देतील."

"दुसऱ्याच्या रानातलं? उद्या दामोदरराव विचारतील, सयाजीराव, तुमच्या बांधावर सुरू कधीपासून?"

"मग सरळ सांगा ना, झाडं मेली म्हणून. त्यात चोरी आहे का?"

इथं ह्यांचा आवाज चढला. माझ्यावर कधी न चढणारा. "अगं, सोनं नाही द्यायला, नाणं नाही. आमचे बाबा गेल्यापासून शकूला एक साडी धड नेसवली नाही मी. हे एवढं एक लाकूड उरलंय माझ्याकडं द्यायला. तेही किडकं आहे म्हणून सांगू? शकूला यातलं एक अक्षर बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

झालं. अशी शपथ घातल्यावर बाई काय करणार? माझा देवावर फार विश्वास आहे असं नाही, पण शपथेची भीती वाटते. उचकटलेली साल ह्यांनी परत ओंडक्याला लावली आणि वरून सुंभ गुंडाळला. त्या दिवसापासून माझ्या तोंडाला कुलूप.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं मी त्या दिवसांत मनातल्या मनात शंभर वेळा म्हटलं असेल. पण खरं सांगते, राग यायचा तेवढीच कीवही यायची. संध्याकाळी हे जाऊन त्या बुंध्यांच्या खोडक्यांवर बसायचे, एकावर थोडा वेळ, मग दुसऱ्यावर. मी हाक मारली की उठून यायचे.

वैशाखात टेम्पो ठरवला. लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे भरला. एकेक ओंडका खांद्यावरून चढवताना ह्यांच्या मानेची शीर फुगायची. गच्च भरला, वर झेंडूची माळ टाकली. गाव बघायला आलं. "सयाजीराव, अजून पीळ आहे हो," कुणी म्हणालं, आणि हे हसले. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, हे माझ्या पलीकडं. मेटगळ्ळीच्या चौकात शरत नवा शर्ट घालून उभा होता, तो मागं लाकडांवर चढला.

हुणसूरच्या अलीकडं चहाला थांबलो तर त्याचे केस, खांदे पांढरे.

"अम्मा, इदेनु? हा पावडर कुठून पडते?"

"रस्त्याची धूळ," हे म्हणाले.

"धूळ लाल असते ना अप्पा."

"चहा पी."

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. रस्त्याच्या कडेनं बागा लागत होत्या, आंबे लटकलेले. आपल्या टेम्पोतून काय सांडत चाललंय कुणास ठाऊक.

दहाच्या सुमारास बेट्टदपुरचा डोंगर दिसला, माथ्यावरचं देऊळ दिसलं. वन्संचं घर डोंगराच्या पायथ्याला, रानातच. मांडव घातलेला होता. टेम्पो अंगणात शिरला तशा बायका हळदीचं पाणी घेऊन पुढं आल्या. ओवाळलं ते ह्यांना नाही, मला नाही, लाकडांना. रीतच तशी. दामोदरराव खुर्चीतून उठले. ऐंशीचे असतील, पण ताठ. येऊन काठीनं एका ओंडक्यावर टकटक केलं.

"सालीसकट," ते म्हणाले. "आणि आंब्याचं. हल्ली लोक निलगिरी आणून टाकतात. मामा म्हणावा तर हा."

ह्यांचा चेहरा मी आठ-दहा वर्षांत इतका उजळलेला पाहिला नव्हता. भुजंगराव खोकत खोकत पुढं आले, हात धरला. वन्सं तर लहान मुलीसारख्या आल्या, भावाच्या दंडाला धरून.

"दादा, आधी बाग बघ माझी. यंदा पहिल्यांदा असा बहर धरलाय. चहा नंतर." जाता जाता त्यांनी मागं वळून गड्यांना सांगितलं, "अरे, त्या पहिल्या ओळीखाली सावलीत रचा सगळं. पवित्राच्या बाळंतपणापर्यंत राहायचंय ते, ऊन लागायला नको."

बहीणभाऊ बागेत गेले. गडी टेम्पोची मागची फळी उघडायला लागले. पहिली ओळ अंगणाला लागूनच होती. गुडघ्याएवढ्या उंचीवर आंबे लोंबत होते, हिरवे, भरलेले. फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. प्रत्येक झाडाच्या बुडाशी आळं सारवल्यासारखं स्वच्छ.

मला काय झालं कळलं नाही. मी गेले, फळीवर चढले आणि दोन ओंडक्यांच्या मध्ये मांडी घालून बसले. तोंड उघडायचं नाही अशी शपथ होती. बूड हलवायचं अशी काही शपथ नव्हती.

"मामी, उतरा की," एक गडी म्हणाला. "लाकडं काढायचीत."

मी गप्प.

"अम्मा, एन आयतु? काय झालं?" शरत जवळ आला. "पाय दुखतो?"

मी मान हलवली, नाही म्हणून. बायका जमल्या. एकजण हसली, मग दुसरी. पवित्रा हळदीच्या साडीत धावत आली, "मामी, असं काय? सगळे बघतात." पोरीचे डोळे भरून आले. मी तिच्याकडं बघितलं नाही.

दामोदरराव काठी टेकत आले. "मामीचा मानपान राहिला असेल. लाकडांना ओवाळलं, मामी तशीच. साडी आणा हो तिला."

आतून खरंच साडी आणली. कुंकू लावलं, साडी मांडीवर ठेवली. मी ती तशीच मांडीवर राहू दिली, पण उठले नाही. आता हसणं थांबलं. कुणीतरी मागं म्हणालं, साडी हलकी वाटली असेल. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. पण उठले नाही.

तेवढ्यात हे बागेतून येताना दिसले. वन्सं दहा पावलं मागं, पदरात दोन कैऱ्या. हे सरळ चालत नव्हते. एका झाडापाशी थांबले, वाकले, खोडाच्या बुडावरून तळहात फिरवला. आमच्या झाडांवरून दोन वर्षं असाच फिरवायचे, भोक लागतंय का बघायला. मग दुसऱ्या झाडापाशी थांबून वाकले. मग मान वर करून बघितलं, तर मी टेम्पोत बसलेली, मांडीवर मानाची साडी, भोवती निम्मं लग्न.

आमची नजरानजर झाली. मी एक शब्द बोलले नाही, देवाशपथ.

हे टेम्पोपाशी आले. गड्यांना म्हणाले, "उतरवू नका."

"का?" भुजंगरावांनी विचारलं.

"किडकं आहे."

ह्यांनी वर चढून त्या ओंडक्याचा सुंभ सोडला, साल ओढली. आत अजून एक अळी होती, मोठी झालेली. ती त्यांनी तळहातावर घेतली आणि सगळ्यांसमोर धरली.

"भिरूड आहे," हे म्हणाले. "माझी अकरापैकी नऊ झाडं यानं दोन वर्षांत खाल्ली. मला माहीत होतं. सरकारी पोरगी सांगून गेली होती, इथून लाकूड हलवू नका म्हणून. तरी आणलं. माझी बायको नको म्हणत होती, तिला मी शपथ घालून गप्प केलं. तिला साडीबिडी काही नको आहे. तिला हे खाली उतरू द्यायचं नव्हतं."

मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "शपथ सुटली. उठ आता."

मला उठता येईना. गुडघे आखडले होते. शरतनं धरून उतरवलं.

"म्हणजे मामा रिकाम्या हातानं आला म्हणायचा," मागून कुणी म्हणालं. ह्यांनी ऐकलं. मान खाली घातली, पण उत्तर दिलं, "रिकाम्या हातानं आलो असतो तर बरं झालं असतं."

मी वन्संकडं बघत होते. त्यांच्या पदरातून कैऱ्या खाली पडल्या. त्या अळीकडं बघत होत्या, मग झाडांकडं, मग भावाकडं. मला वाटलं रडतील, नाहीतर ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "बॅरनमध्ये टाका. सगळं. आत्ता."

तंबाखू भाजायची ती उंच खोली, तिला इकडं बॅरन म्हणतात, घरामागं अजून उभी होती. छप्पर गेलेलं, चार जाड भिंती शाबूत, आणि बागेपासून लांब. ड्रायव्हरनं टेम्पो मागं घेऊन दाराला लावला. गडी, शरत, भुजंगरावांचे भाऊबंद, सगळे लागले. आणि हे. खांदा दुखत होता तरी प्रत्येक ओंडक्याला हात लावत होते. फेकत नव्हते, ठेवत होते. पाऊण तासात आत ढीग रचला. पालापाचोळा घालून भुजंगरावांनी पेटवला. वाळलेलं आंब्याचं लाकूड, बघता बघता जाळ भिंतींच्या वर गेला.

दामोदरराव खुर्ची मागवून लांब बसले होते. मला धास्ती होती, आता हे लग्नात काय काढतात. म्हातारा बराच वेळ जाळाकडं बघत होता. मग ह्यांना जवळ बोलावलं.

"सयाजीराव, विस्तवात किडा राहतो का?"

"नाही."

"मग घमेलंभर विस्तव घ्या आणि चला चुलीपाशी. वर इथलं काय असेल ते लाकूड घालू. विस्तव मामाचा. आमच्या आज्याच्या वेळी पावसात जळण भिजलं तेव्हा असंच केलं होतं म्हणतात." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि साडी ठेवा, मामी. मी चुकीच्या कारणानं दिली, पण द्यायलाच हवी होती."

मी साडी ठेवून घेतली. नाही म्हणायला मी काय वेडी आहे?

ह्यांनी विस्तव नेला, चूल पेटली, वाजंत्री वाजली, बायका कामाला लागल्या. लग्नघर आहे, कुणाला वेळ आहे आमच्याकडं बघत बसायला? पण वन्सं भावाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. हे परत बॅरनच्या दाराशी जाऊन बसले. बाहेर घरंगळलेलं जळकं लाकूड काठीनं आत ढकलायचं, एवढंच काम. मी बोलावलं तर जेवायला आले नाहीत. दुपार कलली, तेव्हा वन्सं स्वतः ताट घेऊन आल्या. मी तिथंच दगडावर बसले होते.

"जेव," त्या म्हणाल्या.

"शकू, चुकलो मी. तुझी झाडं—"

"माझी झाडं राहू दे. ती वाचली." वन्संनी ताट पुढं केलं. "आपली नऊ झाडं मेली, दादा. दोन वर्षं झाली. आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं?"

"मेली म्हणून सांगायचं. घरातलं माणूस गेलं की सांगतो ना? मी तिथं वाढले. तुझ्या एकट्याची होती का ती?"

वन्सं ताट खाली ठेवून भावाशेजारी जमिनीवरच बसल्या, भरजरी साडीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "कुठली कुठली गेली?"

हे जाळाकडं बघून सांगायला लागले. "आधी लोणच्या गेला."

"विहिरीकडचा."

"हं. मग शेंदऱ्या. मग दोन्ही जुळी, एकाच महिन्यात."

"झोपाळा होता ती?"

"तीच. मग बाबांचा बैल बांधायचो तो. मग गोटी."

"गोटीला आंबेच नव्हते लागत," वन्सं म्हणाल्या. "आई रोज तोडते तोडते म्हणायची."

"शेवटच्या वर्षी लागले होते. दोन टोपल्या."

वन्सं हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं, मोठ्यानं, मयताच्या घरी रडतात तसं. हेही रडले. मी तीस वर्षं त्या झाडांखाली धुणं वाळत घातलं, भांडी घासली, पण त्या नावांतलं एकही मला नीट माहीत नव्हतं. मी गप्प बसले. या खेपेला कुणी शपथ घातली नव्हती.

"मग साखऱ्या, आणि देवळाकडचा," हे म्हणाले. वन्संनी डोळे पुसले आणि बोटं मोजली. "आठ झाली. नववं?"

हे काठीनं राख उकरत राहिले.

"दादा, नववं कुठलं?"

"तू लावलेलं," हे म्हणाले. "शाळेतून कोय आणून लावलं होतंस ते. ते शेवटपर्यंत टिकलं होतं. या थंडीत गेलं. म्हणून तुला फोन करवेना."

आतलं लाकूड खाली बसलं होतं, भिंती तापून लाल झाल्या होत्या. मग वन्संनी ताट भावाच्या मांडीजवळ सरकवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर खोचला आणि मांडवाच्या कोपऱ्यातला खराटा घेऊन टेम्पोत चढल्या. फळ्यांच्या फटीतला भुसा, सालीचे तुकडे, सुंभाचे तंतू, सगळं त्यांनी एकेक कोपरा धरून झाडून काढलं, सुपात भरलं आणि आगीत टाकलं. शरत मदतीला गेला तर त्यालाही दिलं नाही. तीनदा झाडलं. मग टेम्पोच्या फळीवर हात फिरवून बोटं उन्हात धरून बघितली आणि चौथ्यांदा झाडायला घेतलं.